तिसरा भिजून राहिला

अहो,

तुम्ही गेलात तेव्हा गाडीचं इंजिन उघडं होतं. घरात माणसं मावत नव्हती आणि पोर्चमध्ये आपली जुनी पांढरी गाडी बॉनेट वर करून उभी होती. इंजिनचं हेड, म्हणजे वरचं जड झाकण, काढून बाजूला ठेवलेलं, खाली जुन्या चादरीवर नटबोल्ट मांडलेले. येणारा प्रत्येक जण आधी तिच्याकडे बघायचा आणि मग माझ्याकडे. तुमच्या अहिवाऱ्याला दिलेल्या बहिणीनं तर माझ्या गळ्यात पडायच्या आधी विचारलं, "अवो वहिनी, इले काय झालं?" त्या सगळ्या दिवसांत मला हसू आलं ते तेवढंच.

माणूस गेला की लोक लिहितात, तो कुठल्या गावचा, नोकरी कुठं केली, मागे कोण कोण आहे. ते सगळं आपल्या नितीननं पुण्यानुमोदनाच्या कार्डावर छापून घेतलं आहे. फोटोही घातलाय, तुमचा तो निवृत्तीच्या दिवशीचा, ज्यात तुम्ही कोणाचा तरी उसना टाय घातला होता आणि मान आवळल्यासारखे उभे होता. मला त्यातलं काही सांगायचं नाही. मला तुमच्याशी आधी भांडायचं आहे. नंतर काही चांगल्या गोष्टी आहेत, ज्या मी तुमच्या तोंडावर कधी बोलले नाही. त्या बोलायच्या आहेत. पण आधी भांडण.

तुम्ही रिलीव्हर यायच्या आधी जागा सोडलीत.

हे मी तुम्हाला म्हणावं, यात गंमत आहे, कारण हा नियम मला तुम्हीच शिकवलात. लग्न होऊन मी भंडाऱ्याकडून भिलाईला आले तेव्हा मला स्टील प्लांटमधलं ओ का ठो कळत नव्हतं. तुम्ही कोक ओव्हनवर होता, दगडी कोळसा भाजायच्या भट्ट्यांच्या दरवाजांवर. घरी येऊन तुम्ही मला समजावलं होतं की पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे आपला रिलीव्हर, येऊन उभा राहिल्याशिवाय जागेवरून हलायचं नाही. घरी बायको वाट पाहत असो, पोरगं आजारी असो, हलायचं नाही. आणि तो आला म्हणजे लगेच निघायचं असंही नाही. त्याला चार्ज द्यायचा. काय झालं, काय राहिलं आणि कशाला हात लावायचा नाही, एवढं तोंडानं सांगायचं. त्यानं ऐकलं, मान हलवली, की मग घर.

देवांगन तुमचे रिलीव्हर. ते उशिरा आले की तुम्ही उशिरा यायचात आणि मी ताटावर ताट झाकून बसायचे. मी देवांगनच्या नावानं खडे फोडायचे, तर तुम्ही त्यांचीच बाजू घ्यायचात. ते जागेवर आले की म्हणत, "जा भइया, मैं आ गेंव." घरी येऊन चपला काढता काढता तुम्ही ते वाक्य त्यांच्या छत्तीसगढी आवाजात मला म्हणून दाखवायचात. पाळीभर धग खाल्ल्यावर याच्याइतकं गोड काही कानावर पडत नाही, असं म्हणायचात.

मग ही खोड घरात शिरली. तुम्ही आपल्या हुडको कॉलनीच्या बाजारात भाजीला निघालात तरी चार्ज देऊन निघायचात. दूध गॅसवर हाय, बारीक हाय. टाकीची मोटार चालू हाय. मागचं दार मी लावलं, उघडजो नको. मी चिडायचे. मी म्हणायचे, "मी काय तुमची रिलीव्हर हाय?" तुम्ही पिशवी झटकत म्हणायचात, "मंग कोण हाय?"

अशा माणसानं उघडं इंजिन टाकून निघून जावं? मी कितीतरी दिवस याच एका गोष्टीवर तुमच्यावर रागावून होते. लोकांना वाटत होतं मी दुःखानं गप्प आहे. दुःख होतंच, पण वर राग बसला होता.

आता कार्बनचं सांगते. आपल्या घरातली ही गोष्ट तुम्ही गल्लीभर सांगितलीत, पण ती मी माझ्या तोंडून कोणाला सांगितलेली नाही.

गाडी आपण केरळला परत निघालेल्या शेजाऱ्यांकडून घेतली तेव्हाच ती वापरलेली होती. काही वर्षांनी कुम्हारीच्या पुलावर चढताना इंजिनातून टकटक यायला लागलं. तुम्ही तिला तिसऱ्या गेअरमध्ये चुचकारत न्यायचात, "चाल वो माय, चाल," म्हणत, आणि मागून ट्रकवाले हॉर्न वाजवून जीव खायचे. गॅरेजवाल्यानं कान लावून ऐकलं आणि सांगितलं, आत कार्बन जमलाय. ते ऐकून तुमचा चेहरा असा काही खुलला, की जणू त्यानं तुमच्या मावसभावाचं नाव घेतलं. कार्बन? कार्बन तर आपल्या घरचा. भट्टीच्या दरवाजांवर जमलेला कार्बन खरवडण्यात तुमची जवानी गेलेली. त्यासाठी गॅरेजवाल्यापुढं हात कशाला जोडायचे, असं म्हणून तुम्ही गाडी परत घेऊन आलात.

सुट्टीच्या दिवशी देवांगनना बोलावलंत आणि पोर्चमध्ये हेड उतरवलं. मी दारात उभी राहून बघत होते. आत सगळं काळं ठिक्कर, जळक्या तव्यासारखं. तुम्ही लोखंडी पट्टी धार लावून आणली होती. बाह्या वर केल्या आणि भट्टीचा दरवाजा साफ करतात तसे तुटून पडलात. खर्र खर्र आवाज आणि काळा भुसा उडतोय. मला वाटलं, वा, काय काम चाललंय. देवांगननी तुमचा हात धरला आणि हळूच म्हणाले, "भइया, ये दरवाजा नहीं है."

तुम्ही थांबलात. खाली वाकून बघितलंत. भट्टीचे दरवाजे बिडाचे, त्यांच्यावर घाव घाला नाहीतर उभे राहून नाचा. हे हेड ॲल्युमिनियमचं. कार्बन निघाला होता, आणि त्याच्यासोबत हेडवर लांब लांब चरेही पडले होते. जिथं हेड इंजिनवर चिकटून बसतं, नेमके तिथं. तुम्ही दोघं खाली फतकल मारून बसलात. शेवटी ते लेथवाल्याकडे नेऊन घासून सपाट करून आणावं लागलं.

त्या तमाशात माझं गॅसवरचं दूध लागलं. पातेल्याचं बूड कोळशासारखं झालं. मी त्यात गरम पाणी आणि सोडा टाकून ते बाजूला ठेवलं. तुम्ही हात धुवायला आलात, पातेलं बघितलं आणि मलाच विचारलं, "घासून कावून नाही राहिली?"

मी वैतागलेलीच होते. मी म्हटलं, "भिजू द्या. मंग बोटानं निघते. आता घासलं तं भांडं जाईल अन् कोळसा राहील."

तुमच्या कोपरांवरून साबणाचं पाणी टपकत होतं. तुम्ही तसेच उभे राहिलात. मला वाटलं आता काहीतरी टोमणा येणार. पण तुम्ही ओल्या हातांनीच बाहेर गेलात. दुसऱ्या दिवशी कणीक मळायला परात शोधते तर परात नाही. पोर्चमध्ये जाऊन बघते तर तुम्ही माझ्या परातीत डिझेल ओतून त्यात व्हॉल्व्ह भिजत घातलेले. आणि माझ्या लाकडी चाटूला सुरीनं तासून त्याची पटाशी केलेली. मी तोंड उघडणार तेवढ्यात तुम्ही एक व्हॉल्व्ह उचललात, चाटूची कड लावलीत, आणि काळा पापुद्रा सायीसारखा उचलून आला. खालून चकचकीत धातू. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की मी परातीबद्दल बोलायचं विसरून गेले.

इथपर्यंत ठीक. पुढं तुम्ही जे केलंत त्याबद्दल मला बोलायचं आहे.

तुमचं नाव झालं. हुडकोतले लोक स्कूटर, मोपेड, जुन्या गाड्या घेऊन यायला लागले. कोणी विचारलं, हे शिकलात कुठं, तर "प्लांटमधी" एवढं बोलून तुम्हाला मोकळं होता आलं असतं. कोणाला खोटंही वाटलं नसतं. तुम्ही सांगायचात, "हे माहं नाही. आमच्या विमलनं शिकवलं." एवढ्यावर भागायचं नाही. चारचौघांत मला हाक मारायचात, ते पातेलं घेऊन बाहेर ये म्हणायचात आणि आपण चरे पाडले ती कथा पहिल्यापासून सांगायचात. आपली फजिती आणि बायकोची हुशारी, दोन्ही एका दमात. आमच्या बायकांच्या घोळक्यात मी पाहत होते ना, कोणाचा नवरा असं बोलत होता? चांगले नवरेही घरात बोलायचे, बाहेर नाही.

मी तुमच्यावर डोळे वटारायचे. लाज नाही वाटत का म्हणायचे. आणि आत जाऊन मसाल्याचे पुसलेले डबे पुन्हा पुसत बसायचे, कारण तोंडावरचं हसू मावळत नव्हतं. हे तुम्हाला माहीत होतं की नाही, मला माहीत नाही. नसेल तर आता सांगते. मला खूप बरं वाटायचं. दर वेळी वाटायचं, अगदी शेवटच्या वेळीसुद्धा.

आणि तुमचं काम बघायला मला आवडायचं. हेही कधी सांगितलं नाही, कारण मी उजेडासाठी बॅटरी धरून उभी असायचे आणि माझा हात दुखत असायचा. "माह्या तोंडावर नको धरू, पिस्टनवर धर." आपल्या गाडीचे तीन पिस्टन. एक वर आणायचा, बाकीच्या दोघांत कापडाचे बोळे कोंबायचे. वर आलेल्या पिस्टनच्या कडेनं ग्रीसची बारीक रेघ बोटानं ओढायची, मी पुरणपोळीची कड दाबते तशी, म्हणजे सुटलेला कचरा ग्रीसला चिकटतो, फटीतून खाली जात नाही. डिझेलचा चिंधा वर ठेवायचा. मग तुम्ही चहा प्यायचात, पेपर वाचायचात, शेजाऱ्याच्या कुत्र्याशी बोलायचात. मी विचारायचे, झालं का? तुम्ही म्हणायचात, भिजू दे. भट्टीवर आयुष्यभर दणके घातलेला माणूस, आणि त्या चाटूनं इतक्या हळू खरवडायचात की आवाज येत नव्हता. व्हॉल्व्ह मिठाईच्या डब्याच्या झाकणाला भोकं पाडून ओळीनं खोचलेले, जो ज्या घरातून निघाला तो त्याच घरात परत जावा म्हणून. चिंध्या माझ्या जुन्या सुती लुगड्यांच्याच लागायच्या, सिंथेटिक तुम्ही हातात घेत नव्हता. ज्या हातांनी ते पहिले चरे पाडले तेच हात हे, असं मला दर वेळी वाटायचं. चुकल्यावर माणसं बहुतेक ते काम सोडून तरी देतात नाहीतर चूक झाकतात. तुम्ही हात बदललात. मी फार थोड्या लोकांना असं करताना पाहिलंय.

आपलं भांडण मात्र मिटलं नाही. चालणाऱ्या गाडीला कशाला उघडायचं, हे माझं. झाकून ठेवून साफ होत नसते, उघडून पाहा लागते, हे तुमचं. नितीननं हैदराबादहून ती बाटली पाठवली होती, पेट्रोलमध्ये ओतली की कार्बन आपोआप जातो म्हणे. तुम्ही ती शोकेसमध्ये ठेवलीत, त्याच्या शाळेतल्या कपांशेजारी, आणि आल्यागेल्याला पोरानं पाठवलं म्हणून कौतुकानं दाखवलीत. गाडीत मात्र ओतली नाहीत. मी म्हटलं, एकदा ओतून तर पाहा. तुम्ही म्हणालात, पोराचं प्रेम हाय, जाळून कावून टाकू?

आता मला जे बोलायचं आहे ते वाईट आहे, पण बोलणार. उघडून पाहा लागते म्हणणारा हा माणूस छातीत जळजळ झाली की ओवा चावून आडवा व्हायचा. मी दवाखान्यात चला म्हणाले. एकदा सोडून कितीदा म्हणाले. तुम्ही म्हणालात, हे हेड बसवतो, मंग जाऊ. हेड बसायचंच राहिलं. गाडीचं सगळं खोलून बघायचं आणि स्वतःचं झाकून ठेवायचं, हा कुठला न्याय? याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही आणि जाईल असं मला वाटत नाही. तो राहू द्या. तुमच्या आठवणीसोबत राहील.

त्या दिवशी दुपारी तुम्ही पोर्चमधून आत आलात. साखर आणि तेल चोळून हात धुतलेत, नेहमीसारखे. स्वयंपाकघराच्या दारातून जाता जाता काहीतरी बोललात. मी मेथी निवडत होते, मान हलवली आणि हूं म्हटलं. तुम्ही बाहेरच्या खोलीत जाऊन पडलात. मी चहा केला आणि हाक मारली. त्यापुढचं तुम्हाला माहीत नाही आणि मी लिहिणार नाही.

नंतर घर पाहुण्यांनी भरलं आणि रिकामंही झालं. नितीन राहिला होता. त्याला दोष देऊ नका, पोरानं सगळं एकट्यानं निभावलं. पण त्याला परत जायचं होतं आणि पोर्चमधली गाडी त्याच्या डोळ्यांत सलत होती. त्यानं कुम्हारीच्या एका भंगारवाल्याशी बोलून ठेवलं. मला म्हणाला, "आई, सुन ना. खुला इंजिन आहे, तू अकेली राहशील, हे कोण बसवणार? तो उद्या येऊन उचलून नेईल." मी नाही म्हटलं. तो म्हणाला, कावून? बरोबर तर तोच होता. मी तुमच्यावर रागावलेली होते, आणि ज्या गाडीपायी दवाखाना राहिला ती गाडी नजरेआड झाली तर मलाच बरं वाटायला हवं होतं.

देवांगन रोज येत होते. यायचे, पोर्चमध्ये गाडीजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचे, चहा प्यायचे आणि जायचे. त्या दिवशीही बसले होते. नितीननं त्यांना भंगारवाल्याचं सांगितलं. मी चहाचा ट्रे घेऊन दारात होते. देवांगन म्हणाले, "बेटा, चार्ज किसको मिला? भइया बिना चार्ज दिए तो कभी गए नहीं."

नितीनला काही कळलं नाही. मला कळलं. मी ट्रे घेऊन तिथंच उभी राहिले आणि मेथी निवडताना कानावरून गेलेलं तुमचं बोलणं मला शब्दन् शब्द आठवलं.

"दोन झाले. तिसरा भिजून राहिला. बोल्टाले हात नको लावजो."

काय झालं, काय राहिलं, कशाला हात लावायचा नाही. तुम्ही चार्ज दिला होता. आणि मी ऐकलं होतं, मान हलवली होती. तुमच्या नियमात काही कमी नव्हतं. इतके दिवस मी ज्यासाठी तुमच्याशी अबोला धरून होते ते घडलंच नव्हतं. मी ट्रे खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं रडले, पहिल्यांदा.

मग मी नितीनला म्हटलं, "तुह्या बाबानं मले चार्ज देला हाय. काम पुरं झाल्याबिगर गाडी जात नाही." तो म्हणाला, परवा माझी रेल्वेगाडी आहे, तोवर ही चालू झाली तर ठेवू, नाही झाली तर कुम्हारीवाला नेईल आणि मग तू काही बोलायचं नाही. मी कबूल केलं. कबूल केलं खरं, पण बॅटरी धरण्यापलीकडे मी त्या इंजिनाला कधी हात लावला नव्हता.

तिसरा मी केला. चिंधा तुम्ही ठेवला होता तसाच होता, माझ्या लिंबोळी रंगाच्या लुगड्याचा. तो उचलायला मला थोडा वेळ लागला. खाली कार्बन इतका भिजला होता की चाटूची गरज नव्हती, बोटाच्या टोकानं सुटत होता. तरी मी चाटूच वापरला. ग्रीसची रेघ तुम्ही ओढलेली होती, तिच्यावर तुमच्या बोटाची खूण दिसत होती. शेवटी ती पुसावीच लागली, कचरा सगळा तिच्यात होता. पुसली. खालून पिस्टन निघाला तो तुमच्या दोन्हींसारखाच चकचकीत. देवांगन वाकून बघून म्हणाले, "भाभी, बहुत दिन भीगा है. डीजल नीचे उतर गया होगा, ऑइल बदलना पड़ेगा." ते त्यांनी बदललं.

नवीन गॅस्केट, हेडच्या खाली बसते ती पातळ पट्टी, कॅलेंडरच्या खिळ्याला पिशवीत टांगलेली सापडली. सगळी तयारी करून ठेवली होती तुम्ही. बोल्टांना मी हात लावला नाही. ते मधून सुरू करून बाहेर बाहेर आवळत जायचे असतात. देवांगन सांगत गेले आणि नितीननं मोठ्या पान्यानं आवळले. मी बॅटरी धरली. नितीन म्हणाला, "आई, तोंडावर नको ना मारू." देवांगन हसले, मीही हसले, आणि त्या पोराला कळेना आम्ही कशाला हसतोय.

काम झाल्यावर त्याचे हात काळे कुळकुळीत. साबणानं निघेनात तेव्हा मी साखर आणि तेल दिलं. तो बेसिनपाशी हात चोळत उभा राहिला, मग चोळायचा थांबला आणि बघत राहिला. म्हणाला, "आई, ये तो बाबा के हाथ हैं." मी नळ बंद केला, पाणी वाया जात होतं.

त्यानं चावी फिरवली. इंजिन गुरगुरलं, खोकलं, भसकन धूर सोडला आणि गप्प झालं. पुन्हा फिरवली, पुन्हा तसंच. मग गुरगुरणंही बारीक व्हायला लागलं. नितीननं खिशातून फोन काढला, आणि तो कोणाला लावायला काढला हे मला कळत होतं. देवांगननी स्पार्क प्लग खोलून बाहेर काढले. ओले चिंब होते.

"भिजले हाय," मी म्हटलं. "वाळू दे."

नितीननं फोन परत खिशात टाकला. आम्ही चहा प्यायलो. प्लग उन्हात कागदावर ठेवले होते. शेजारचं कुत्रं येऊन हुंगून गेलं. कोणी घाई केली नाही, तुम्ही असता तर जितका वेळ घेतला असता तितका घेतला. मग देवांगननी प्लग पुसून बसवले आणि या वेळी मी आत बसले. मी त्या सीटवर कधी बसले नव्हते. तुम्ही मागे लागायचात, गाडी शिक, आणि मी म्हणायचे तुम्ही आहात ना. सीट तुमच्या बेतानं मागे सरकवलेली होती, माझे पाय पोचत नव्हते. चावी फिरवायला पाय लागत नाहीत. मी फिरवली.

एकदा खोकली. मग सुरू झाली. पोर्च पांढऱ्या धुरानं भरलं, समोरच्या घरातल्या बाया दारात आल्या, नितीन खोकत खोकत ओरडत होता, बंद नको करू, बंद नको करू. हळूहळू धूर विरळ झाला आणि आवाज एकसारखा झाला. देवांगन बॉनेटवर हात ठेवून उभे होते. मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून बसले होते, कुठं जायचं नव्हतं तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी नितीन मला कुम्हारीच्या पुलावर घेऊन गेला. तिसऱ्या गेअरमध्ये चढवली, मुद्दाम. आम्ही दोघं कान देऊन बसलो होतो. टकटक नाही. पुलाच्या माथ्यावर पोचल्यावर त्यानं गेअर बदलला आणि म्हणाला, "बाटली शोकेसमध्येच राहू दे, आई." संध्याकाळी तो हैदराबादला गेला.

तर आता हे ऐका. तुमचा चार्ज मी घेतला होता, तेव्हा झालेलं सांगणं माझं काम आहे. तिसरा झाला. हेड बसलं, तेल बदललं, गाडी चालते, पुलावर चढते. चाटू आणि परात मी घासून परत आत आणली, परातीला अजून थोडा डिझेलचा वास आहे, जाईल. राहिलं म्हणाल तर पोर्चमधल्या तुमच्या चपला. त्या मी उचललेल्या नाहीत, आताच कोणी उचलायलाही सांगू नये. आणि दवाखान्याचं भांडण राहिलं, त्यात माझंच बरोबर होतं. बोल्टांना मी हात लावलेला नाही.

तुम्ही फार वेळ जागेवर उभे राहिलात. आता ताट झाकून बसायला मी घरी नाही, मी इथं आहे, तुमच्या जागेवर.

जा. मी आली.